इसार, टोकन, अनामत: सौदा फिसकटला की पैसे कोणाचे?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

कांदिवलीतला रीसेलचा टू बीएचके, ठरलेली किंमत १ कोटी ४० लाख. व्हॉट्सअ‍ॅपवर भाव पक्का झाला त्या दिवशी तुम्ही १ लाख टोकन बँकेतून पाठवलं. पुढच्या आठवड्यात एजंटच्या ऑफिसात ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर इसारपावती झाली आणि आणखी ४ लाख दिले. ४५ दिवसांत साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, नोंदवायचं ठरलं. मग इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नाही म्हणून बँकेने कर्ज नाकारलं. आता विक्रेते म्हणतात, "इसार होता, बुडाला." एजंट म्हणतो, पावतीत जप्त लिहिलंय, आता काही होणार नाही. शिवाय त्याच फ्लॅटला १ कोटी ४८ लाखांचं गिऱ्हाईक आल्याचं तुमच्या कानावर आलंय. तुम्ही विचारताय, की इसार या शब्दाचा कायद्यात नेमका अर्थ काय आणि तो पावतीत आला म्हणजे पाच लाख गेलेच का.

गेले असं धरून चालू नका. पण पाचच्या पाच लाख नक्की परत येतील असंही मी म्हणणार नाही. मी फोर्टमध्ये वकिली करतो, बरंचसं काम फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचंच असतं आणि टोकनच्या भांडणात अडकलेली माणसं माझ्याकडे सतत येतात. जवळजवळ प्रत्येक जण पावती पुढे करून विचारतो, "यात इसार लिहिलंय, आता?" मी उलट तीन गोष्टी विचारतो. यातली नेमकी कुठली रक्कम इसार म्हणून दिली? सौदा कोणामुळे मोडला? आणि मोडल्यामुळे समोरच्याचं खरंच काय गेलं? पैशांचं काय होणार ते या तीन उत्तरांवर ठरतं. पावतीच्या मथळ्यावर काय छापलंय याला त्यामानाने फार कमी वजन आहे.

आधी अर्थ. १८७२ च्या करार कायद्यात इसाराची व्याख्या नाही. अर्थ आपल्याला कोर्टाच्या निकालांतून मिळतो. त्यातला पायाभूत निकाल १९६९ चा, श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट. विमानांच्या भंगाराचा १० लाखांचा सौदा होता, खरेदीदाराने अडीच लाख भरले आणि पुढचे भरले नाहीत. सुप्रीम कोर्टाने त्या वेळी इसाराची लक्षणं मांडली. तो सौदा पक्का होताना दिला जातो. खरेदीदार शब्द पाळेल याची ती हमी असते. व्यवहार पार पडला तर ती रक्कम किमतीत वळती होते. खरेदीदाराच्या कसुरीमुळे व्यवहार मोडला तर ती बुडते. अडीच लाख जप्त करणं तिथे कायम राहिलं.

'खरेदीदाराच्या कसुरीमुळे' हे शब्द परत वाचा. सौदा मोडला की इसार बुडतो असं कोर्टाने म्हटलेलं नाही. कोणाच्या दोषाने मोडला, हे आधी ठरावं लागतं. बाजारात मात्र हा अर्धा भाग गळून पडलाय आणि 'इसार म्हणजे गेलेले पैसे' एवढंच लोकांच्या तोंडी राहिलंय.

आता रोजच्या बोलण्यातले बाकीचे शब्द. टोकन हा मुंबईच्या बाजारातला शब्द, कायद्यात त्याला स्वतंत्र स्थान नाही. सगळ्या अटी ठरलेल्या असताना दिलं तर ते इसारासारखं वागतं. 'फ्लॅट चार दिवस दुसऱ्याला दाखवू नका, आम्ही कागद बघतो' म्हणून दिलं असेल, तर करारच झालेला नाही, आणि नुसत्या बोलणीसाठी दिलेली रक्कम जप्त करायला आधार सापडणं कठीण. आगाऊ रक्कम किंवा पार्ट पेमेंट म्हणजे किमतीचा आधी दिलेला हिस्सा, तो हमी म्हणून दिलेला नसतो. बयाणा आणि विसार ही इसाराचीच दुसरी नावं. सरकारी निविदांत 'बयाणा रक्कम' दिसते, तिचं काम मात्र थोडं वेगळं: बोली लावणाऱ्याने मधेच पळ काढू नये म्हणून ती आधीच भरून घेतात. आणि अनामत, म्हणजे डिपॉझिट, ही काम नीट पार पडेल याची सुरक्षा.

अनामत आणि इसार यांतला फरक ज्या निकालाने पक्का केला तो मौला बक्ष यांचा, तोही १९६९ चाच. लष्कराला बटाटे, अंडी, कोंबड्या, मासे पुरवण्याचं कंत्राट होतं, त्यापोटी १८,५०० रुपये अनामत. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने ती जप्त केली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही अनामत आहे, इसार नव्हे. जप्त करायची तर नुकसान दाखवा. बटाटे-अंडी तर बाजारात मिळणाऱ्या वस्तू, दुसरीकडून किती महाग पडल्या ते सरकारला सहज दाखवता आलं असतं. ते दाखवलं नाही, रक्कम परत करावी लागली. याच निकालात एक वाक्य असंही आहे की मालमत्तेच्या विक्रीतला इसार वाजवी असेल तर त्याची जप्ती हा दंड ठरत नाही. विक्रेत्यांचे वकील हे वाक्य हमखास वाचून दाखवतात. तुमच्या विरुद्धही वाचतील.

आता तुमच्या पावतीकडे. तुम्ही मजकूर उतरवून दिलात ते फार बरं झालं. त्यात लिहिलंय: 'सदर सदनिकेच्या व्यवहारात इसारापोटी रु. १,००,००० व मोबदल्याच्या रकमेपैकी रु. ४,००,००० मिळाले.' आणि खाली: '४५ दिवसांत व्यवहार पूर्ण न झाल्यास दिलेली सर्व रक्कम जप्त होईल.'

पहिलं वाक्य तुमच्या बाजूचं आहे. पावती लिहिणाऱ्याने, बहुधा सवयीने, इसार एक लाख आणि बाकीचे चार लाख किमतीपैकी अशी फोड करून ठेवली आहे. अशाच फोडीवर फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास हा १९६३ चा निकाल उभा आहे. दिल्लीतल्या बंगल्याचा १९४९ चा सौदा, किंमत १,१२,५००. खरेदीदाराने १,००० इसार म्हणून आणि २४,००० किमतीपोटी दिले. करारात लिहिलं होतं की चूक झाली तर २५,००० जप्त. सुप्रीम कोर्टाने इसाराचे १,००० विक्रेत्याकडे राहू दिले. २४,००० मात्र त्याला ठेवता आले नाहीत, कारण नुकसान झाल्याचा पुरावाच नव्हता. एवढी वर्षं ते पैसे वापरायला मिळाले हीच पुरेशी भरपाई, असं कोर्टाने धरलं. करार कायद्याचं कलम ७४ याच अर्थाने वाचलं जातं: करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, तिच्या आत जी वाजवी भरपाई ठरेल तीच द्यायची.

म्हणजे अगदी वाईटात वाईट धरलं, दोष तुमचाच ठरला, तरी खरं भांडण एका लाखाचं आहे. चार लाख अडवून ठेवायला विक्रेत्यांना आपलं नुकसान सिद्ध करावं लागेल. आणि त्यांच्याकडे आठ लाख जास्त देणारं गिऱ्हाईक उभं असेल, तर नुकसान कुठून दाखवणार? इथे २०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल उपयोगी पडेल. १९८२ च्या लिलावात ३ कोटी १२ लाखांची बोली, पंचवीस टक्के म्हणजे ७८ लाख भरलेले. प्राधिकरणाने ते जप्त केले आणि तोच भूखंड पुढे ११ कोटी ७८ लाखांना विकला. कोर्टाने विचारलं, नुकसान झालं कुठे? शिवाय कसूर प्राधिकरणाचीच होती. रक्कम परत करायला लावली. म्हणून तो दुसरा ग्राहक खरा आहे का, त्याच्याशी कितीला ठरलं, याचा माग ठेवा. फ्लॅट विकला गेला तर नोंदणी झालेल्या दस्ताची किंमत नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधात कळते.

दुसरं वाक्य, जप्तीचं, दिसतं तेवढं भक्कम नाही. 'व्यवहार पूर्ण न झाल्यास' म्हणजे कोणामुळे? शब्दशः घेतलं तर उद्या विक्रेत्यांनी सही करायला नकार दिला तरी तुमचे पैसे जप्त, असा अर्थ निघतो. असा अर्थ कोणतंही कोर्ट सहजी स्वीकारणार नाही. शिवाय स्थावर मालमत्तेच्या सौद्यात 'मुदत हाच कराराचा गाभा' असं सर्वसाधारणपणे मानलं जात नाही. तसं असेल तर ते करारातून स्पष्ट दिसावं लागतं. तेव्हा सेहेचाळीसाव्या दिवशी सगळं आपोआप संपलं हा एजंटचा दावा सोडून द्या.

तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग यापुढे आहे, आणि इथे मी परिस्थितीवर सोडतोय ते मनापासून: कर्ज नाकारलं जाणं ही कसूर कोणाची?

तुमच्या पगारामुळे किंवा सिबिलमुळे बँकेने नकार दिला असता तर दोष सहसा तुमच्या पदरात पडला असता. पैशांची सोय करणं हे खरेदीदाराचं काम. पण इथे कारण इमारतीत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साधी काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. समोरचे वकील नेमके इथेच बोट ठेवतील: ओसी आहे की नाही हे सोसायटीत किंवा महापालिकेत विचारून कळलं असतं, तुम्ही विचारलं का नाही? आणि दुसरं, मुंबईत भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारती पुष्कळ आहेत, त्यांतल्या काहींवर काही बँका कर्ज देतातही. तुम्ही एकाच बँकेत जाऊन थांबलात का?

म्हणून सगळं या गोष्टीवर अडेल, की ओसीबद्दल आधी काय बोलणं झालं होतं. जाहिरातीत 'क्लिअर टायटल, लोन मिळेल' असं होतं असं तुम्ही लिहिलंय. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, उद्या ती नसेल. एजंटशी किंवा विक्रेत्यांशी झालेल्या चॅटमध्ये 'ओसी आहे ना?' असा एखादा प्रश्न आणि त्याला 'हो, सगळं क्लिअर' असं उत्तर सापडलं, तर तुमची बाजू खूपच बळकट होईल. उलट 'ओसी नाही, पण लोन होतं' असं त्यांनी आधीच सांगितलेलं निघालं, तर एका लाखावरचा तुमचा हक्क डळमळीत होतो. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, त्यामुळे ते मूळ ज्या फोनमध्ये आहे तो जपायला हवा.

बँकेकडून नकाराचं कारण लेखी घ्या. बँका तोंडी 'टेक्निकल निगेटिव्ह आलंय' एवढं सांगून मोकळ्या होतात. ईमेल करा, शाखेत जाऊन बसा, पण 'ओसी नसल्यामुळे' हे शब्द कागदावर आणा. हा एक कागद हाती आला की 'तुम्हालाच घ्यायचं नव्हतं' हा विक्रेत्यांचा मुद्दा लंगडा पडतो. जमल्यास आणखी एक-दोन बँकांचे नकारही जोडा. तुम्ही खरेदीला तयार होतात, हात-पाय हलवले होते, हे त्यातून दिसतं.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: चार लाखांवर तुमची बाजू भक्कम, एका लाखावर ती ओसीबद्दलच्या बोलण्यावर अवलंबून. कोर्टात हमखास काय होईल हे सांगणं कठीण आहे, कारण निकाल दोन्हीकडे झुकलेले सापडतात. २०१२ च्या सतीश बत्रा प्रकरणात ७० लाखांच्या सौद्यातले ७ लाख इसार म्हणून जप्त करणं सुप्रीम कोर्टाने मान्य केलं, कारण करारात तसं स्पष्ट होतं आणि कसूर खरेदीदाराची होती. २०२५ मध्येही एका प्रकरणात विक्रेत्याकडची २० लाखांची रक्कम त्याच्याकडेच राहिली. त्या खरेदीदाराने सौदा पूर्ण करून मागितला होता, पण 'ते नसेल तर पैसे तरी परत द्या' ही पर्यायी मागणी दाव्यात केलीच नव्हती. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ती मागावी लागते, न मागितलेलं कोर्ट देत नाही. इतर वाचकांपैकी कोणी सौदा पूर्ण व्हावा म्हणून दावा करणार असेल तर हे वकिलाला आवर्जून विचारा.

काही जण विचारतील की एवढी मोठी रक्कम साध्या पावतीवर दिलीच कशी. मुंबईत हे सगळेच करतात आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे मुद्रांक शुल्क खरेदीखतापर्यंत थांबत नाही, साठेखतावरच पूर्ण भरावं लागतं. मुंबईत ते ६ टक्के, एकट्या महिलेच्या नावाने घर घेतलं तर ५. तुमच्या सौद्यात ८ लाख ४० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. कर्ज मंजूर व्हायच्या आत एवढे पैसे कोण भरणार? त्यामुळे भाव ठरल्यापासून साठेखत नोंदवेपर्यंत महिना-दोन महिन्यांची एक पोकळी राहते आणि त्या काळात लाखोंचा व्यवहार एका पानाच्या पावतीवर टेकलेला असतो. ती पावतीही एजंटच्या संगणकातली, मागच्या गिऱ्हाइकाचं नाव खोडून तुमचं टाकलेली. मला याचा खरंच त्रास होतो. घरासाठी आयुष्याची कमाई ओतणारी माणसं शेवटच्या करारावर चार वेळा चर्चा करतात आणि ज्या कागदावर पैसे बुडू शकतात तो उभ्या-उभ्या सही करून देतात.

पावतीत काय हवं ते सांगतो. मी ज्यांचं काम बघतो त्यांच्यासाठी साधारण असा मजकूर घालतो:

'एकूण रकमेपैकी फक्त रु. १,००,००० हा इसार असून उरलेली रक्कम मोबदल्याचा भाग आहे. इमारतीच्या किंवा मालकीच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे कर्ज नाकारले गेल्यास विक्रेता मिळालेली सर्व रक्कम १५ दिवसांत, कोणतीही वजावट न करता परत करील. खरेदीदाराच्या उत्पन्नामुळे वा पतइतिहासामुळे कर्ज नाकारले गेल्यास किंवा त्याने कारण न देता माघार घेतल्यास विक्रेता फक्त इसाराची रक्कम ठेवून घेईल. विक्रेत्याने माघार घेतल्यास तो सर्व रक्कम परत करून इसाराइतकी रक्कम भरपाई म्हणून देईल.'

बस, एवढ्या चार वाक्यांत बहुतेक भांडणं मिटतात. विक्रेत्यालाही हे सोयीचं असतं. आपला फ्लॅट दोन महिने अडकून पडला तर काय मिळणार ते त्याला आधीच माहीत असतं. सही करायला तो का-कू करू लागला, तर कुठल्या वाक्यावर अडतोय ते बघा. कागदपत्रांच्या वाक्यावर अडला तर कागदपत्रं पुन्हा तपासायची वेळ आली आहे.

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. विक्रेत्याने शब्द फिरवला तर इसाराच्या दुप्पट मिळतात, असं पुष्कळ जण धरून चालतात. आपल्याकडे असा नियम आपोआप लागू होत नाही. लिहून घेतलं असेल तरच मागता येतं, आणि तेव्हाही कलम ७४ ची वाजवीपणाची चाळणी आहेच.

टोकनची रक्कम किती असावी हेही विचारलंय. कायदा आकडा सांगत नाही. माझं मत: कागद बघायच्या आत ५१ हजारांपुढे जाऊ नका, एजंटने 'दुसरी पार्टी चेक घेऊन बसलीय' म्हटलं तरी. ओसी, शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या करारांची साखळी, विक्रेत्याचं चालू कर्ज, सोसायटीची थकबाकी एवढं बघून मग मोठी रक्कम. सोसायटी कलेक्टरच्या जमिनीवर किंवा म्हाडाची असेल तर हस्तांतराच्या परवानगीचं आधी विचारा, तिथे महिने जातात आणि ४५ दिवसांची मुदत हवेत विरते.

पैसे बँकेतूनच द्या. तुम्ही दिलेत ते योग्य केलंत. जून २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. ५० लाख आणि त्यावरच्या सौद्यात १ टक्का टीडीएस इसार देतानाही कापायचा असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. तुम्ही कापला नसेल तर सीएला विचारून घ्या. आणि विक्रेते पैसे ठेवून घेतात तेव्हा ते करमुक्त नसतात: जप्त केलेली आगाऊ रक्कम त्या वर्षीचं 'इतर उत्पन्न' धरून तिच्यावर कर लागतो. तडजोडीच्या बोलण्यात हे शांतपणे सांगायला हरकत नाही.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायदा, त्याच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रात बुकिंग रद्द केल्यावरच्या वजावटीला पायऱ्या आहेत: १५ दिवसांत रद्द केलं तर काहीच नाही, ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० पर्यंत दीड, त्यापुढे २ टक्के. आणि २०२५ मध्ये गोदरेज प्रोजेक्ट्सच्या प्रकरणात करारात लिहिलेली २० टक्क्यांची जप्ती एकतर्फी ठरवून १० टक्क्यांवर आणलेला निर्णय सुप्रीम कोर्टाने योग्य मानला. तुमचा विक्रेता मात्र साधा घरमालक आहे, त्यामुळे महारेरा किंवा ग्राहक मंच तुमच्या कामाचे नाहीत. तुमचा रस्ता दिवाणी कोर्टाचा, कांदिवली असल्याने दिंडोशीच्या शहर दिवाणी न्यायालयाचा. मुदत साधारण तीन वर्षं, पण तेवढं थांबू नका.

भाड्याच्या घराचं डिपॉझिट परत मिळेना म्हणूनही खाली कोणी विचारलंय. ती अनामत, इसार नव्हे. घर सोडताना भाडं, वीजबिल, खरंच झालेली मोडतोड एवढंच त्यातून कापता येतं आणि त्याची बिलं मागायचा तुम्हाला हक्क आहे. लग्नाचा हॉल, केटरर यांच्याकडच्या बुकिंगला मात्र बहुधा इसाराचाच नियम लागतो. तिथेही हॉलवाल्याने तीच तारीख दुसऱ्याला दिली असेल तर तुमची सगळी रक्कम ठेवून घेणं त्याला जड जाईल.

आता तुम्ही या आठवड्यात काय करायचं. बँकेचं लेखी कारण आणि चॅट हातात आले की वकिलामार्फत नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही. त्यात सौदा तुमच्या कसुरीने मोडला नाही, चार लाख हा इसार नव्हताच आणि विक्रेत्यांचं नुकसान झालेलं नाही, हे तीन मुद्दे वेगवेगळे मांडा. पाच लाख १५ दिवसांत परत मागा, त्यानंतर व्याज मागा. १ कोटी ४८ लाखांच्या ग्राहकाचा उल्लेख करा, पण त्या ग्राहकाला फोन करून सौदा बिघडवायला जाऊ नका. विक्रेत्यांचं नुकसान झालं नाही हा तुमचा सर्वांत मोठा मुद्दा आहे, तो तुमच्याच हाताने घालवाल. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रारही टाकू नका.

नोटीस गेली की बहुतेक वेळा एजंटच मध्यस्थी करायला येतो, कारण त्याला दुसऱ्या सौद्याची दलाली दिसत असते आणि तोवर जुना वाद मिटलेला हवा असतो. 'एक लाख सोडा, चार घ्या' असा प्रस्ताव येईल. ओसीबद्दलचं बोलणं तुमच्याकडे लेखी नसेल तर तो घ्या. एका लाखासाठी दिंडोशीच्या तारखा करणं, वकिलाची फी भरणं परवडत नाही. 'ओसी आहे' असं लिहिलेलं चॅट हातात असेल तर पाचवर अडून राहा, साडेचारच्या खाली येऊ नका.

तडजोड झाली की दोन प्रतींत रद्दपत्र करा. त्यात कुठली रक्कम कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात आली ते लिहा, आणि दोन्ही बाजूंचं एकमेकांकडे काही देणं उरलं नाही हेही लिहा. विक्रेते आधी मूळ इसारपावती परत मागतील. ती द्यायची, पण पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावर. पुढच्या तारखेचा चेक घेऊन मूळ पावती हातची सोडू नका.